खातं, नाव, अक्षर: एका कादंबरीची गोष्ट



एरवी या वेळेला मी तुमच्याशी बचतीबद्दल बोलते. अंतर्गत कर्ज, व्याजाचा हिशेब, बँकेची कागदपत्रं, हेच आपले विषय. आज मात्र एका कादंबरीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हिला आज काय झालं? पण गोष्ट ऐकून घ्या आणि मग तुम्हीच ठरवा, हा विषय बचत गटाचा आहे की नाही.

कादंबरीचं नाव ‘द हँडमेड्स टेल’, म्हणजे दासीची कहाणी. लेखिका मार्गारेट अ‍ॅटवूड. त्या कॅनडाच्या, जन्म १९३९ चा. १९८४ साली त्या पश्चिम बर्लिनमध्ये राहत होत्या. शहराच्या त्या भागाभोवती तेव्हा भिंत होती. तिथे भाड्यानं आणलेल्या टाइपरायटरवर त्यांनी ही कादंबरी लिहायला घेतली आणि १९८५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मला बीएला इंग्रजी होतं, त्यामुळे शेजारी डिक्शनरी ठेवून, रोज रात्री थोडी थोडी अशी मी ती वाचली. मग गटाच्या बैठकीनंतर दोन-तीन वेळा मिळून सगळ्यांना गोष्टीसारखी सांगितली. त्या वेळी बायांनी जे प्रश्न काढले, तेही आज सांगणार आहे.

अशा कादंबरीला डिस्टोपिया म्हणतात. शब्द परका आहे, अर्थ सोपा आहे. चांगल्या जगाचं स्वप्न पुष्कळांनी पाहिलं. ज्ञानदेवांनी पसायदानात मागितलं ते एक. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ नावाची गोष्ट लिहिली. तिच्यात बाया राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात बसतात, तेही एक. डिस्टोपिया म्हणजे याच्या उलट, वाईट स्वप्न. लेखक आजच्या जगातली एखादी खोट हेरतो, ती वाढवत नेतो आणि दाखवतो की ही अशीच वाढत गेली तर उद्याचा दिवस कसा उगवेल.

अ‍ॅटवूडबाईंनी लिहिताना स्वतःला एक नियम घालून घेतला होता. माणसांनी आजवर कुठेच केलं नाही, असं काहीही गोष्टीत घालायचं नाही. म्हणून यातलं काहीच हवेतलं नाही. रुमानियात १९६६ मध्ये सरकारनं गर्भपातावर बंदी घातली, बायकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत म्हणून. अर्जेंटिनात लष्करी राजवटीनं कैदेतल्या बायकांची बाळं काढून दुसऱ्यांना देऊन टाकली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. इतिहासातले असे तुकडे उचलून त्यांनी एक राज्य रचलं. त्याचं नाव गिलियड.

गोष्ट घडते अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात, हार्वर्ड विद्यापीठ आहे तिथे. प्रदूषणानं आणि आजारांनी मुलं जन्माला येणं फार कमी झालेलं आहे. अशा वेळी एक कट्टर गट राष्ट्राध्यक्षांना आणि संसदेच्या सभासदांना गोळ्या घालतो. राज्यघटना काही काळापुरती बाजूला ठेवली आहे, असं जाहीर होतं. तो काही काळ मग संपतच नाही.

या नव्या राज्यात बायकांची वर्गवारी केली आहे आणि ज्या त्या वर्गाला रंग ठरवून दिला आहे. अधिकाऱ्यांच्या बायका निळ्या कपड्यात. स्वयंपाक, धुणीभांडी करणाऱ्या हिरव्या, त्यांना मार्था म्हणतात. बाकीच्या बायकांना धाकात ठेवणाऱ्या ‘आंट’ तपकिरी. गरिबांच्या बायका पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यात, कारण त्यांना सगळीच कामं एकटीनं करायची. आणि ज्यांना मूल होऊ शकतं अशा काही बायका लाल झग्यात, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी झापडं, टांग्याच्या घोड्याला असतात तशी. या हँडमेड. त्यांना मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी नेमतात, ठरल्या दिवशी त्यांच्यावर बळजबरी होते, आणि मूल झालं की ते मालकिणीचं. गिलियडमध्ये याला धर्मविधी म्हणतात. आपण त्याला काय म्हणू ते सांगायची गरज नाही.

कहाणी सांगणारी बाई ३३ वर्षांची आहे. ती पूर्वी ग्रंथालयात नोकरी करायची. नवरा ल्यूक, पाच वर्षांची मुलगी, असा चारचौघांसारखा संसार. ल्यूकचं हे दुसरं लग्न, म्हणून नव्या कायद्यानं ते लग्नच रद्द ठरवलं. तिघं कॅनडाच्या सरहद्दीकडे पळाले आणि पकडले गेले. मुलगी दुसऱ्या कुटुंबात दिली. ल्यूक जिवंत आहे की नाही, तिला कळत नाही.

आता, गोष्ट ऐकली आणि सोडून दिली असं करायचं नसेल, तर तिला तीन प्रश्न विचारायचे. ही गोष्ट मुळात कशाबद्दल आहे? ती कुठल्या सुरात सांगितली आहे? आणि तिच्यातली माणसं कशी आहेत? पुस्तकी भाषेत आशयसूत्र, सूर आणि व्यक्तिरेखा. नावं जड आहेत, पण शेजारच्या गावातली एखादी बातमी ऐकली तरी आपण हेच तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, आशयाचा. लोक म्हणतात, ही कादंबरी बाळंतपणाच्या सक्तीबद्दल आहे. ते खरंच आहे. पण त्या सक्तीपर्यंत राज्य पोचलं कसं, हे लेखिकेनं पायरी पायरीनं दाखवलं आहे. मला त्या पायऱ्या तीन दिसतात. खातं, नाव आणि अक्षर.

खात्याचा प्रसंग मी गटात सांगितला तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या. त्या देशात नोटा बंद होऊन सगळे व्यवहार बँकेच्या कार्डावर चालू झालेले असतात. एके दिवशी ही बाई कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते. रोजची ओळखीची दुकानदारीण तिथे नाही, एक तरुण मुलगा आहे. तो तिच्या कार्डाचा नंबर टाकतो, परत टाकतो, आणि सांगतो की चालत नाही. खात्यात पैसे असतात, तरी चालत नाही. दुपारी कार्यालयात साहेब सगळ्या बायकांना एकत्र बोलावतो आणि आजपासून येऊ नका म्हणतो. तसा कायदाच झालाय, त्याचाही इलाज नाही. बाहेर बंदूकवाले उभे. बायका आपापल्या वस्तू उचलून पायऱ्यांवर येतात आणि एकमेकींकडे बघायला लाजतात, जणू त्यांच्याच हातून काही चूक झाली.

संध्याकाळी तिची मैत्रीण मोइरा येऊन उलगडा करते. ज्या ज्या खात्यावर बाई अशी नोंद होती, ती सगळी खाती त्यांनी एका फटक्यात गोठवली. संगणकाची काही बटणं दाबली की झालं. पैसा बुडालेला नाही, पण आता तो नवरा काढू शकेल, किंवा घरातला जवळचा पुरुष. बाईच्या नावावर मालमत्ता नाही, नोकरी नाही. लाल झगा यानंतर बऱ्याच दिवसांनी येतो. आधी पासबुक जातं.

हे कुणा जुन्या काळातलं वाटेल, म्हणून दोन साली सांगते. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडायचा हक्क मिळाला १९६५ मध्ये. अमेरिकेत कर्ज किंवा क्रेडिट कार्ड देताना बँका बाईकडे नवऱ्याची सही मागत. त्याला आळा घालणारा कायदा आला १९७४ मध्ये. म्हणजे ही कादंबरी आली तेव्हा त्या कायद्याला फक्त अकरा वर्षं झाली होती. नुकतं हातात आलेलं किती सहज परत जाऊ शकतं, ही भीती त्यातून आलेली आहे.

दुसरी पायरी नावाची. या बाईचं खरं नाव अख्ख्या कादंबरीत कुठेही स्पष्ट सांगितलेलं नाही. तिला ऑफ्रेड म्हणतात. ‘ऑफ’ म्हणजे ‘चा, ची, चे’, आणि फ्रेड हे तिच्या मालकाचं नाव. फ्रेडची, एवढीच तिची ओळख. घर बदललं की नाव बदलणार, आणि तिच्या जागी येणाऱ्या बाईचं नावही ऑफ्रेडच. रात्री एकटी असताना ती आपलं खरं नाव मनात जपते. जमिनीत पुरून ठेवलेली वस्तू कधीतरी परत येऊन उकरायची असावी, तसं.

इथे आमच्या गटातल्या एक आजी पटकन म्हणाल्या, “माझं माहेरचं नाव आता घेणारं कुणीच राहिलं नाही.” त्यांच्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं होतं. त्या काही रडून बोलल्या नाहीत, सहज बोलल्या. ज्याला बदलायचं असेल त्यानं नाव बदलावं, हौसेनं उखाणा घ्यावा, त्यात काही वाईट नाही. विचारायचं एवढंच, की बदलायचं का नाही हे तिला कुणी विचारलं होतं का? आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा सरकारी नियम झाला आहे. कागदावरची एक जागा. पण नावाच्या जागेला किती किंमत असते, हे ऑफ्रेड वाचल्यावर कळतं.

तिसरी पायरी अक्षराची. गिलियडमध्ये बायकांना वाचायला बंदी आहे. वारंवार पकडलं गेलं तर हात तोडायची शिक्षा. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं पुसून टाकली आहेत, नुसती चित्रं ठेवली आहेत. दूध-अंड्यांच्या दुकानावर तीन अंडी, एक मधमाशी आणि एक गाय. सामान घ्यायला पैसे नाहीत, चित्रांची कुपनं आहेत. बायबल घराच्या मालकाकडे कुलपात. विधीच्या आधी तो उघडतो, वाचतो आणि पुन्हा बंद करतो. जेवताना हँडमेडना टेपवर धर्मवचनं ऐकवतात. त्यात गप्प राहणाऱ्यांची स्तुती कुणीतरी मागाहून घुसडली आहे, हे ऑफ्रेडला पक्कं माहीत आहे. पण पडताळून बघायला पुस्तक हातात नाही. ज्याच्या हातात पुस्तक, त्याचाच अर्थ खरा.

हे ऐकताना आपल्याला फार लांब जायला नको. पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा शेणगोळे का आले, याचं उत्तर याच पायरीवर आहे. आणि आजही अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद आहे.

आता गटातल्या चर्चेतलं एक बोलणं तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्याकडे शेतमजुरीला जाणाऱ्या एक ताई आहेत. त्या सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, “त्या बाईकडून काढून घेतलं म्हणून तिला वाईट वाटलं. आमच्याकडे होतंच काय काढून घ्यायला?” यावर लगेच कुणाला बोलता आलं नाही. त्यांचं म्हणणं योग्य होतं. ऑफ्रेड ही शिकलेली, नोकरदार, गोरी, शहरी बाई. तिला जे भविष्यातलं भय वाटतं, ते जगातल्या कितीतरी बायांचा भूतकाळ आहे आणि काहींचा वर्तमानही. अमेरिकेतल्या काळ्या गुलाम बायकांची मुलं अशीच काढून घेऊन विकली जात, त्यांना मालकाचंच आडनाव लावत. कादंबरीत मात्र काळ्या लोकांना दूर कुठेतरी पाठवून दिल्याची बातमी तेवढी येते, आणि त्यांची गोष्ट तिथेच थांबते. टीकाकारांनी हा दोष दाखवला आहे आणि तो मला मान्य आहे. चांगलं पुस्तक आहे म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असं काही नसतं. उलट त्या ताईंच्या प्रश्नामुळेच मला कळलं की डिस्टोपिया कुणासाठी उद्याची गोष्ट आहे आणि कुणासाठी कालची, हेही वाचताना बघावं लागतं.

दुसरा प्रश्न, सुराचा. एवढी भयंकर गोष्ट, तर सांगणारीनं आक्रोश करायला हवा होता. ती करत नाही. ती हळू बोलते. खोलीतला पडदा, छतावरची नक्षी, खुर्ची, खिडकीची काच, जे दिसेल त्याचं बारीक वर्णन करते. तिला हातापायाला लावायला क्रीम मिळत नाही, म्हणून जेवणातलं लोणी ती बुटाच्या टोकात लपवून ठेवते आणि चेहऱ्याला चोळते. आपली कातडी जपली तर कधीतरी आपण पुन्हा माणसात येऊ, अशी तिची आशा. लोण्याच्या एवढ्याशा गोळ्यात तिचं सगळं बंड मावतं.

तिच्या बोलण्यात कोरडी थट्टाही आहे. एका शब्दाचे दोन-तीन अर्थ घेऊन ती मनातल्या मनात खेळत बसते, कारण शब्द एवढेच काय ते तिच्याकडे उरलेत. ल्यूकबद्दल ती एकाच वेळी तीन गोष्टी मानते. तो मेला, तो तुरुंगात आहे, तो पळून गेला आणि मला सोडवायला येणार आहे. तिन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत, हे तिला कळतं. पण तिन्हींपैकी जी खरी निघेल तिला आपण तयार असावं, म्हणून ती तिन्ही धरून ठेवते. घरातलं माणूस बेपत्ता झालेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

या हळू आवाजानं काय साधतं? तिचं ओरडणं ऐकून आपण घाबरलो असतो आणि थोड्या वेळानं विसरलो असतो. ती मात्र बाजारहाट, अंघोळ, जेवण असं रोजचं सांगत राहते, आणि आपल्या लक्षात येतं की तिलाही या सगळ्याची सवय होत चालली आहे. आंट लिडिया नावाची जी शिकवणारी आहे, ती हेच सांगते: आज विचित्र वाटतंय, काही दिवसांनी हेच साधं वाटेल. सगळ्या कादंबरीत मला जास्त भीती या वाक्याची वाटली.

तिसरा प्रश्न, माणसांचा. यात राक्षस शोधायला गेलात तर सहज सापडत नाही, आणि वीरांगना शोधायला गेलात तर तीही नाही.

ऑफ्रेड स्वतः धीट नाही. आधी मोर्चे निघाले तेव्हा ती गेली नाही, कारण ल्यूक म्हणाला की उपयोग नाही, घरादाराचा विचार कर. तिची आई बायकांच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरणारी होती. मुलीला तिची लाज वाटायची. तुम्हाला सगळं आयतं मिळालंय म्हणून किंमत नाही, असं आई म्हणायची आणि ही कंटाळायची. आता ती आईची आठवण काढते. मोइरा धीट आहे, पळून जायचा प्रयत्न करते. तीही शेवटी पकडली जाते आणि तिचा कणा मोडलेला आपल्याला दिसतो. लेखिकेनं इथे आपल्याला खोटं समाधान दिलेलं नाही.

सरीना जॉय ही घराची मालकीण. ती पूर्वी टीव्हीवर भजनं गायची, मग गावोगाव भाषणं द्यायची की बाईची जागा घरात आहे. स्वतः मात्र घरी बसत नव्हती. आता तिचं म्हणणं सरकारनं ऐकलं आहे आणि तिला खरोखर घरात बसवलं आहे. बाग करते, लोकरीचे मफलर विणते आणि धुमसत राहते. दुसऱ्या बाईसाठी आपण जो नियम मागतो, तो फिरून आपल्या दारात येतो, हे सरीनाकडे बघून कळतं.

आंट लिडिया आणि तिच्यासारख्या बायका तर बायकांवरच पहारा करतात. हातात गुरं हाकायची विजेची काठी. त्यांना वाचायची मुभा आहे, थोडी सत्ता आहे. राज्यकर्त्यांना हे पक्कं ठाऊक आहे की बाईला बाईकडून धाकात ठेवलं की स्वस्तात काम होतं. सासूनं सुनेचा फोन काढून घेणं, गटाच्या अध्यक्षानं नवीन बाईला बोलूच न देणं, ही त्याच जातीची लहान रोपं आहेत.

घराचा मालक कमांडर. रात्री तो ऑफ्रेडला चोरून आपल्या खोलीत बोलावतो. तिला वाटतं, आता काय होणार? तर तो म्हणतो, माझ्याबरोबर शब्द जुळवायचा स्क्रॅबल खेळ खेळ. बायकांना अक्षरबंदी करणाराच तिला अक्षरं खेळायला देतो, जुनी मासिकं वाचायला देतो आणि स्वतःला दयाळू समजतो. हक्क काढून घ्यायचा आणि मग तोच मेहेरबानी म्हणून थोडा थोडा वाढायचा. तो बोलायला सौम्य आहे, हसतमुख आहे. जग सुधारताना काहींच्या वाट्याला वाईट यायचंच, हे तो तितक्याच सौम्यपणे सांगतो.

आणि ल्यूक. गटात ल्यूकवर फार वाद झाला. खातं बंद झालं त्या दिवशी तो बायकोला जवळ घेतो आणि म्हणतो, मी आहे ना, मी बघीन तुझं. यात चूक काय, असं दोघी-तिघींचं म्हणणं होतं. नवरा आणखी काय बोलणार? तो चांगला माणूस आहे, मारत नाही, पीत नाही. पण ऑफ्रेडला त्या रात्री काहीतरी बोचतं. तिला वाटतं, जे झालं त्याचा याला म्हणावा तसा राग आलेला नाही. कालपर्यंत आम्ही एकमेकांचे होतो, आज मी फक्त याची झाले. ती त्याला हे बोलून दाखवत नाही, कारण भांडण करणं आता तिला परवडणार नाही. आधी कधी तिनं असा हिशेब केला नव्हता.

माझ्या मते कादंबरीचा गाभा इथे आहे. गिलियड फक्त बंदूकवाल्यांवर उभं नाही. चांगल्या माणसांनाही त्यात थोडी सोय वाटते, त्यावर ते उभं आहे. म्हणून घरातला माणूस चांगला आहे, एवढ्यावर बाईचा हक्क सोपवून ठेवता येत नाही. चांगुलपणा हा त्याचा गुण झाला. खातं हा तिचा हक्क आहे. दोन्ही असावेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

आपल्याकडे गिलियड आलं आहे असं मी म्हणत नाही. आपल्याला घटना आहे, मत आहे, हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क आहे. महाराष्ट्रात हा कायदा १९९४ मध्ये झाला, देशभर २००५ मध्ये. साताऱ्याकडे म्हसवडला १९९७ मध्ये बायांनी स्वतःची सहकारी बँक उभी केली. पण हक्क कायद्यात असणं आणि हातात असणं यात अंतर असतं. आपल्या गटात मी एकदा सहज विचारलं, तुमच्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? निम्म्याहून जास्त जणींचा नवऱ्याचा किंवा मुलाचा होता. म्हणजे ओटीपी त्यांच्याकडे जातो. एटीएमचा पिन मुलाला पाठ, आईला नाही. कुणी काढून घेतलं नव्हतं, कुणी वाईटही नव्हतं. सोय म्हणून झालं होतं. कादंबरीतलं ते कोपऱ्यावरचं दुकान मला तेव्हा आठवलं.

शेवट सांगते. एके रात्री काळी गाडी येते आणि ऑफ्रेड तिच्यात चढते. ती सुटली की पकडली गेली, हे आपल्याला सांगत नाहीत. त्यानंतर पुस्तकात एक वेगळंच प्रकरण आहे. साल २१९५. गिलियड कधीच कोसळलं आहे. विद्वानांची परिषद भरली आहे आणि एक प्राध्यापक सांगतो आहे की मेन राज्यातल्या बँगर शहरात एका पेटीत तीसेक कॅसेट सापडल्या. त्यात एका बाईचा आवाज होता. म्हणजे आपण आतापर्यंत वाचली ती लिहिलेली गोष्ट नव्हतीच. तिला लिहायला बंदी होती. ती बोलली होती. कोण ऐकेल, ऐकेल की नाही, काही माहीत नसताना, कुणीतरी ऐकणारं असेल असं धरून ती बोलत राहिली होती.

आणि तो प्राध्यापक काय करतो? विनोद करतो, सभा हसते. तिचा मालक नेमका कोण होता, हे शोधण्यात त्याला जास्त रस. या बाईनं स्वतःचं रडगाणं सांगण्यापेक्षा मालकाच्या संगणकातले चार कागद ठेवले असते तर बरं झालं असतं, असा त्याचा सूर. गिलियड संपून इतकी वर्षं झाली, तरी बाईचं बोलणं पुरावा म्हणून पुरत नाही. लेखिकेनं हे प्रकरण शेवटी का ठेवलं असेल, यावर तुम्ही जरूर विचार करा. मला वाटतं, राज्य बदललं तरी ऐकायची सवय आपोआप बदलत नाही, हे त्यांना सांगायचं होतं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात तीन कामं करा. एक, आपल्या खात्याला कुणाचा मोबाइल नंबर आहे, ते बघा. दुसऱ्याचा असेल तर बँकेत जाऊन अर्ज द्या आणि स्वतःचा लावून घ्या. त्यासाठी घरी भांडायची गरज नाही, सांगून जा. दोन, गटाच्या पुढच्या बैठकीत इतिवृत्त आणि ठराव मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय कुणीही सही किंवा अंगठा करू नका. वाचता येणारीनं वाचावं, न येणारीनं समजेपर्यंत विचारावं. आणि तीन, हजेरी घेताना अमक्याची बायको, तमक्याची आई असं न पुकारता प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या नावानं पुकारा. ज्या आजींना माहेरचं नाव आवडत असेल, त्यांना त्या नावानं.

पुढच्या भागात आपण नेहमीच्या विषयाकडे येऊ, बँक कर्जासाठी गटाची प्रतवारी कशी होते, ते बघू. त्याआधी ही गोष्ट घरात कुणाला तरी सांगा, आणि सांगून झाल्यावर त्यांना ल्यूकबद्दल काय वाटतं ते नक्की विचारा.